तबकडीचा मधला कागद : लेबल प्रकल्पाच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

आजपासून काम सुरू. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत लोखंडी मांडणीवर नऊ खोकी आहेत. नारायण पेठेतल्या एका वाड्यातून आलेली देणगी. दुपारपर्यंत नुसतं मोजलं. ग्रामोफोनच्या तबकड्या ३१२, त्यातल्या २४१ अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, लाखेच्या, उरलेल्या व्हायनल. गणपती उठले की छोटं प्रदर्शन लागणार. त्यासाठी चाळीस लेबलं निवडायची, त्यांचे फोटो, पाट्या आणि मांडणी. मी ग्राफिक डिझायनर, गाण्यातलं मला फारसं कळत नाही, हे संग्रहालयाच्या मॅडमना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. त्या म्हणाल्या, "बरंच आहे. तुम्ही बघा, ऐकू नका." तसंही ऐकता येणार नाही. तबकड्या वाजवायच्या फोनोची स्प्रिंग तुटली आहे.

खोलीचे नियम भिंतीवर चिकटवले. तबकडी उभी ठेवायची, आडवी थप्पी करायची नाही. लाखेच्या तबकडीजवळ स्पिरिट न्यायचं नाही, लाख त्यात विरघळते. लेबलाला पाणी लावायचं नाही, ओलं फडकंसुद्धा नाही. पुण्याच्या पावसाळ्यात शेवटचा नियम आपण पाळतो की हवा, हे बघायचं.

१४ जून, शुक्रवार

मापं घेतली. एलपीचं, म्हणजे मोठ्या व्हायनल तबकडीचं, लेबल १०० मिलीमीटर, मधलं भोक सव्वासात मिलीमीटर. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांची लेबलं त्याहून लहान.

डिझायनर म्हणून मला हा आकार छळतो. गोल कागद, आणि नेमका मधला, नजर पहिली जाते तो बिंदू, भोसकलेला. त्यामुळे वर चित्र, खाली मजकूर अशी फाळणी आपोआप होते. कंपनीचं चिन्ह वरच्या अर्ध्यात ऐटीत बसतं. गाण्याचे बोल, नाटक, राग, गायक हे सगळे खालच्या अर्ध्यात दाटीवाटीने. क्रमांक बिचारा डावीकडे किंवा उजवीकडे लोंबकळतो. आणि काठाने गोल फिरत जाणारी बारीक अक्षरांची ओळ कायद्याची : परवानगीवाचून नक्कल करू नये वगैरे.

शिवाय हा कागद फिरतो. अठ्ठ्याहत्तरची तबकडी पाऊण सेकंदात एक गिरकी घेते, एलपी १.८ सेकंदात. एलपीचं लेबल फिरताना कसंबसं वाचता येतं, अठ्ठ्याहत्तरचा नुसता रंग दिसतो. लहानपणी मामाकडे एलपीवरचा कुत्रा उलटा-सुलटा होताना बघत बसायचे, मान त्याच्याबरोबर फिरवत. तेव्हा गाणं कोणतं चाललंय याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. म्हणजे या नोकरीची तयारी बरीच जुनी आहे.

एक गैरसमज आज फिटला. लेबल गोंदाने चिकटवलेलं नसतं. दाबयंत्रात खालीवर साचे, साच्यांवर पालथी लेबलं आणि मध्ये गरम लाखेचा गोळा. वाफेच्या उष्णतेने आणि दाबाने खाचा उमटतात त्याच क्षणी कागद लाखेत रुततो. व्हायनलचंही तेच. कागदात ओल राहिली तर तिची वाफ होऊन लेबलाला फोड येतात, म्हणून लेबलं आधी भट्टीत वाळवून घेत. फोड आलेली तीन लेबलं आपल्याकडे आहेत. चाळिसात एक तरी घ्यायचं.

१९ जून, बुधवार

चिन्हांचा दिवस. सगळ्यांना कुत्रा माहीत असतो. या पेठांतली जुनी माणसं अजूनही 'कुत्रा छाप' म्हणतात. पण कुत्र्याच्या आधी ग्रामोफोन कंपनीचं चिन्ह होतं देवदूत : तबकडीवर बसून पिसाच्या लेखणीने खाच कोरणारं पंखवालं बाळ. १८९८ चं. आपल्याकडे अशा दोन तबकड्या निघाल्या. एकाच बाजूला गाणं, दुसरी बाजू कोरी.

कुत्र्याची गोष्ट पाटीसाठी थोडक्यात : चित्रकार फ्रान्सिस बरॉ. त्याने निपर नावाचा कुत्रा आधी मेणाच्या नळकांड्याच्या फोनोग्राफसमोर रंगवला होता. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये चित्र घेतलं ते यंत्र बदलून देण्याच्या अटीवर. चित्राचे पन्नास पौंड आणि हक्कांचे पन्नास. मूळ चित्रात तिरप्या उजेडात जुन्या यंत्राची रेषा अजून दिसते म्हणतात. जगातल्या सर्वात गाजलेल्या चिन्हांपैकी एक, आणि खाली खाडाखोड! मला हे फार आवडलं. ग्राहकाने सांगितलेला शेवटच्या क्षणीचा बदल कुणालाच चुकलेला नाही.

देवदूत संपला नाही. पुढे 'एंजल' या नावाने तो परत आला आणि आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या एलपींवरही जाऊन बसला. आपल्या खोक्यांत तशा चार आहेत. १९०० च्या सुमाराचं बाळ आणि १९७० नंतरचं बाळ शेजारी शेजारी लावले की एक अख्खी काचपेटी झाली.

मग दुसऱ्या कंपन्यांची चिन्हं : ओडियनचा घुमट, कोलंबियाचे वर्तुळातले जोडस्वर. हे दोन्ही रेखीव आहेत, चटकन घेतले. दुहेरी बाजूच्या तबकड्या बाजारात आणल्या त्या ओडियनने, १९०४ मध्ये. संध्याकाळपर्यंत निवडीत सव्वीस झाली. इतक्या लवकर! मी खूश.

२० जून, गुरुवार

मॅडम खूश नाहीत. सव्वीसच्या सव्वीस लेबलांकडे बघून म्हणाल्या, "हे चिन्हांचं प्रदर्शन झालं. खालचा मजकूर वाचलात का?" वाचला नव्हता.

२६ जून, बुधवार

आज बालगंधर्वांचा जन्मदिवस. १८८८. मॅडमनी त्यांच्या सात तबकड्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या आणि भिंग.

वाचायला बसले ते साडेपाचपर्यंत उठले नाही. छपाई दोन टप्प्यांत झालेली सरळ दिसते. चिन्ह आणि रंगीत जमीन आधी एकगठ्ठा छापून ठेवायची, मग प्रत्येक तबकडीपुरता मजकूर छपाईच्या अक्षरखिळ्यांनी वरून उठवायचा. दोन्हींची जुळणी कुठे कुठे हुकली आहे, एका लेबलावर तर सगळा मजकूर तीन मिलीमीटर उजवीकडे सरकलाय. वरचं चिन्ह लाखो वेळा तेच. खालचा मजकूर मात्र त्या एका तबकडीचा. खिळे जुळवणाऱ्या कुण्या जुळाऱ्याने एवढ्याशा जागेत बसवलेला.

आणि त्यात काय काय बसवलंय! पदाचे पहिले शब्द, कंसात नाटकाचं नाव, कधी राग आणि ताल, मग गायक. 'स्वयंवर' आणि 'मानापमान' ही नावं गायकाच्या नावाइतक्याच मोठ्या टायपात. म्हणजे दुकानात येणारा गिऱ्हाईक नाटकाच्या नावाने मागत असणार. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, 'मानापमान'च्या गोविंदराव टेंब्यांच्या. आपल्या सातांतल्या एकाही लेबलावर त्यांचं नाव नाही. पेटीवर कोण, तबल्यावर कोण, त्यांचंही नाही. जागा नव्हती म्हणावं तर काठाच्या कायद्याच्या ओळीला जागा आहे.

उपाध्या हा वेगळाच विषय. 'मास्टर' दीनानाथ, 'मास्टर' कृष्णराव : नाटक कंपनीत पोरवयात लागलेली उपाधी, मिशा आल्या, संसार झाले, तरी लेबलावर मास्टरच. बायकांना 'मिस' किंवा 'बाई', सुंदराबाईंना पुढेमागे दोन्हीकडे बाई. उस्तादांना 'प्रोफेसर'. बंगालकडच्या काही लेबलांवर नावानंतर 'अमॅच्युअर' छापत. ही बाई पेशाने गाणारी नाही, घरंदाज आहे, एवढं त्या एका शब्दाने गिऱ्हाइकाला सांगून टाकायचं. अब्रूचा दाखला, सहा पॉइंटांच्या बारीक टायपात.

त्याहून जुन्या तबकड्यांवर तर गायक स्वतःच लेबल बोलून दाखवत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानने गाणं संपताना इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हानोव्हरला दाबल्या जात, तिथल्या माणसांना कोणतं लेबल कुठे लावायचं ते कळावं म्हणून, असं सांगतात. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ च्या सुमारास.

सव्वीसमधली एकोणीस परत ठेवली.

३ जुलै, बुधवार

फोटो. सोनेरी शाईने छळलं. समोरून उजेड टाकला की अक्षरं पांढरी, बाजूने टाकला की काळी. शेवटी दोन्ही दिव्यांवर आणि भिंगावर ध्रुवक, म्हणजे चकाकी मारणारी काच, लावून मधलं काहीतरी मिळालं. सोनं सोन्यासारखं दिसत नाही, पण वाचता येतं. मागच्या एका कामात एका छपाईवाल्याने सोनेरीच्या जागी मोहरीचा पिवळा छापून दिला होता, त्याची आठवण झाली.

रंगाची पट्टी प्रत्येक फोटोत ठेवायचीच. एन मालिकेच्या, म्हणजे क्रमांकाआधी एन असलेल्या, तबकड्यांचा जांभळट तपकिरी रंग, इंग्रज ज्याला प्लम म्हणतात, दर तबकडीवर वेगळा उतरला आहे : कुठे पिकलेलं जांभूळ, कुठे काथ. रंग सजावटीसाठी नव्हता, रंगावरून दर्जा आणि किंमत कळत असे. युरोपात लाल लेबल म्हणजे बडे गायक, महाग तबकडी.

तिरप्या उजेडात आणखी एक दिसलं. भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. तबकडी लावताना खुंटी भोकात न जाता कागदावर घसरते, त्याच्या या रेघा. जितक्या रेघा तितक्या वेळा तबकडी लागली. आपल्या संग्रहात सर्वात जास्त रेघा कशावर? मोठ्या गवयांवर नाहीत. एका विनोदी संवादाच्या तबकडीवर.

१२ जुलै, शुक्रवार

देणगीदार काका आले. बहात्तरीचे आहेत. मुद्दाम आजची तारीख निवडली होती त्यांनी. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस. ते तेव्हा नऊ वर्षांचे.

चौथ्या ते सहाव्या खोक्यांतल्या तबकड्यांना लेबलं जवळजवळ नाहीत. वरचा पापुद्रा गेलेला, मळकट भुरा कागद, त्यावर खाचांत अडकलेली बारीक माती. मी या खोक्यांवर 'निरुपयोगी' अशी चिठ्ठी लावली होती. काका आले तेव्हा ती तशीच होती. त्यांनी वाचली, बोलले काही नाहीत.

मग सांगितलं. तळमजल्यावरच्या कपाटात तबकड्या होत्या. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर आत चिखल. त्यांच्या आईने एकेक तबकडी हौदावर धुतली आणि गच्चीत वाळत घातली. लाखेला पाण्याने काही होत नाही, पण दुपारी ऊन पडलं आणि काही तबकड्या पापडासारख्या वाकल्या. धुताना लेबलांचे रंग तिच्या हाताला लागत होते. "आई म्हणाली, मेंदी बघ."

ते गेल्यावर चिठ्ठी काढून टाकली.

१५ जुलै, सोमवार

पूरग्रस्त तबकड्यांची ओळख पटवणं सुरू. लेबल गेलं तरी शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्टीत साच्याचा क्रमांक ठोकलेला असतो. तो लेबलावरच्या विक्री क्रमांकाहून वेगळा. दोन्ही क्रमांक एकत्र दिलेल्या याद्यांशी ताडून बघितलं. दिवसभरात अकरा लागल्या. मान धरली.

२५ जुलै, गुरुवार

संग्रहालय बंद. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. सकाळी मॅडमचा फोन, "खोकी वर आहेत ना?" सोमवारीच सगळी वरच्या फळ्यांवर चढवली होती. काकांचाही फोन आला. त्यांनीही तेच विचारलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

दमटपणा मोजायचं यंत्र ८१ दाखवतंय. दोन लेबलांवर बुरशीचे ठिपके. कागद आणि शाई, बुरशीला आणखी काय पाहिजे. वेगळी ठेवली, सुक्या मऊ कुंचल्याने झटकली, खोलीबाहेर.

आज एका ल ने दिवस खाल्ला. दोन मराठी नाट्यपदांची लेबलं शेजारी ठेवली होती. एकावर ल आपला पाकळ्यांचा. दुसऱ्यावर दंडाचा, हिंदीतला. श सुद्धा एकावर देठाचा, दुसऱ्यावर गाठीचा. मग भिंग घेऊन सगळे बघितले. अ, झ, ण यांचीही दोन दोन रूपं सापडली : मुंबईच्या टायपाची आणि उत्तरेकडच्या, कलकत्ता वळणाच्या टायपाची. मराठी पद, मराठी नाटक, मराठी गायक, आणि अक्षरं परप्रांतातली. माझा अंदाज असा की लेबलं कारखान्याजवळ छापली जात, आणि तिथल्या खिळ्यांच्या पेटीत जे खिळे असतील ते. एका लेबलावर तर दोन्ही ल आहेत, एकाच ओळीत! दंडाचे ल संपले असतील आणि जुळाऱ्याला कुठून तरी एक पाकळीचा मिळाला असेल. किंवा उलट.

गंमत म्हणजे अ आणि झ च्या बाबतीत पुढे हिंदीनेच मुंबईची वळणं घेतली. ल आणि श मात्र अजून वेगळे. महाराष्ट्र सरकारने २००९ मध्ये आदेश काढून पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठी रूपं म्हणून ठरवून दिली. आदेश किती जण पाळतात ते कुठल्याही दुकानाच्या पाटीवर बघावं.

ही काचपेटी मी भांडून घेणार. शीर्षक नुसतं 'ल'.

९ ऑगस्ट, शुक्रवार

व्हायनलची खोकी भराभर उरकली. एलपीची लेबलं मला कोरडी वाटतात. मजकूर सुबक, ओळी समान, चुका नाहीत. क्रमांकातली अक्षरं बोलतात तेवढीच : ईसीएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. जागा वाढली, एका बाजूला पाच-सहा गाणी मावू लागली, आणि संगीतकार-कवींची नावं अखेर छापून आली. पण खरं डिझाइन तोवर लेबल सोडून मोठ्या पाकिटावर राहायला गेलं होतं. एवढा मोठा बारा इंची चौकोन मिळाल्यावर चार इंची वर्तुळासाठी कोण डोकं शिणवेल?

वडाळ्याच्या कारखान्यात निघालेली 'यंग इंडिया'ची एकच तबकडी आपल्याकडे आहे. १९३५ ते १९५५ चाललेली मुंबईची स्वतःची कंपनी, नवख्यांना, हौशींना गाऊ देणारी. आणि तिचंच लेबल पुरात सोलून निघालंय. नावाची चार अक्षरं वाचता येतात.

मॅडमना एक पाटी हवीच होती, केसरबाई केरकरांची. गोव्यातल्या केरी गावच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. त्या तबकडीलाही मध्ये लेबल आहे, त्यावर इंग्रजीत 'पृथ्वीचे ध्वनी' आणि पत्त्यात देशाच्या नावाखाली 'पृथ्वी ग्रह' अशी ओळ. शेवटच्या गुळगुळीत पट्टीत, आपल्याकडे क्रमांक ठोकतात तिथे, हाताने कोरलंय : सर्व विश्वांतल्या, सर्व काळांतल्या संगीतकारांना. यानं निघाल्यावर महिन्याभरातच, १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या. पाटी लिहिताना शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, मग नुसती तारीख ठेवली.

२१ ऑगस्ट, बुधवार

काका परत आले, हातात जुनी बिस्किटांची पत्र्याची डबी. आत चिठ्ठ्या. पूर ओसरल्यावर कोणती तबकडी कुठली हे कळेना, म्हणून आईने एकेक लावून ऐकली आणि शाळेच्या वहीचा कागद गोल कापून त्यावर लिहिलं. खळीने चिकटवलं. पुढे खळ वाळली, चिठ्ठ्या सुटल्या, तिने डबीत जपून ठेवल्या. एकूण तेवीस.

कंपनीच्या लेबलाची नक्कल नाही. भोकासाठी कागद दुमडून मध्ये कात्री मारलेली, त्यामुळे भोक चौकोनी. वर चिन्हाच्या जागी काही नाही. मजकूर असा :

"नाथ हा माझा. सुरुवातीला खरखर, मग चांगली."

"हिराबाई. आक्कांना ऐकवू नये, रडतात."

"ही कोणाची ते कळत नाही. पण ठेवावी."

"विनोदी. वाकली आहे तरी मुलं लावतात."

शेवटची ती रेघा-रेघांची तबकडी. जुळवून बघितली, बरोबर बसली.

अक्षर टपोरं, निळी शाई, ओळ पहिल्यांदा भोकाला अडली की मोडून पलीकडे गेलेली. खालच्या अर्ध्यात मजकूर ढकलायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने भोकाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे, आणि ते वाचता येतं. मी इतके दिवस ज्याला अडचण म्हणत होते, तिच्यावर तिने रेघ ओढून पुढे लिहिलं.

मॅडम म्हणाल्या, या नोंदवायच्या कशा? तबकडीचा भाग म्हणून की स्वतंत्र वस्तू म्हणून? अर्धा तास चर्चा. स्वतंत्र नोंदणी क्रमांक द्यायचं ठरलं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पाट्या छापून आल्या. सगळ्या चौदा पाट्यांवर ल दंडाचा आणि श गाठीचा. 'ल' या पेटीची पाटी धरून! मी पाठवलेल्या फायलीत मराठी वळणं होती. छापखान्यात ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, भाषा हिंदी लागली आणि फॉन्टने निमूटपणे रूपं बदलली. तिथला मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, ल आहे ना, ल च आहे." बरोबर आहे त्याचं. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या तबकडी-कारखान्यातल्या जुळाऱ्याने हेच म्हटलं असतं.

मी चिडले आणि मग हसू आलं. तेरा पाट्या परत, या वेळी अक्षरांच्या आकृत्या करून फाईल पाठवली. चौदावी, 'ल' ची, तशीच ठेवायची का? मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "ठेवा. आणि चुकीची आणि बरोबर, दोन्ही लावा."

४ सप्टेंबर, बुधवार

यादी पक्की. चाळिसांत छापील लेबलं एकतीस, चिठ्ठ्या आठ आणि एक तबकडी लेबलावाचून. तिच्यावर साच्याचा क्रमांकही झिजला आहे, ती कुणाची हे कुठल्याच यादीत सापडलं नाही. तिच्या शेजारी आईची ती तिसरी चिठ्ठी. ती याच तबकडीची, असं काका म्हणतात. चौकोनी भोक गोल भोकावर ठेवून बघितलं.

फोनोवाला उद्या स्प्रिंग बसवायला येतो म्हणालाय. शनिवारी गणपती, तेव्हा येईल असं वाटत नाही.